कागदावर हात न ठेवणारा मास्तर शोधा

प्रश्न सांगलीच्या एका ताईंचा आहे. वय त्रेचाळीस, पतसंस्थेत हिशेबाचं काम. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा झालेल्या, त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं ब्रशला हात नाही. आता पुन्हा सुरू करायचंय. क्लास लावावा, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून घरी शिकावं, की काम करणाऱ्या एखाद्या चित्रकाराकडे एकटीनं शिकायला जावं? दर रविवारी कोल्हापूरला यायची तयारी आहे. चित्रकार निवडायचा कसा, पैसे किती, सामान काय घ्यायचं? आणि जाता जाता विचारलंय, नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर आणलं तर चालेल का?

शेवटचं आधी सांगून टाकतो. मुलीला आणू नका. तिची शिकवणी वेगळी, तुमची वेगळी. बरोबर आणलीत तर दोन तास तुमचा एक डोळा तिच्या कागदावर राहणार, आणि परत जाताना एसटीत तिचंच चित्र कसं झालं यावर बोलणं होणार. स्वतःसाठी काढलेला वेळ आहे ना? मग तो स्वतःलाच द्या.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती खरं धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. तीस-बत्तीस वर्षं कोल्हापुरात चित्रं काढतोय, त्यातली बावीस वर्षं कुणी ना कुणी माझ्या कामाच्या खोलीत शिकायला येतंय. एका वेळी तिघांपेक्षा जास्त कधी घेतले नाहीत. खोलीत चौथा बोर्ड मांडायला जागाच नाही, हे खरं कारण. म्हणजे चित्रकाराकडे शिकावं असं मी म्हणणारच, त्यात माझं पोट आहे. पण कुठल्याही चित्रकाराकडे जा असं मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण माझ्याच घराच्या भिंतीवर आहे.

मी सतरा वर्षांचा असताना एका सरांकडे जात होतो. माणूस मोठा, हात सोन्यासारखा. एका स्पर्धेसाठी मी माझ्या आजोबांचं व्यक्तिचित्र करत होतो. पागोटं जमलं, मिशा जमल्या, नाक काही केल्या बसेना. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सर मागून आले, म्हणाले, ‘सरक बघू जरा.’ माझ्या हातातला ब्रश घेतला आणि दहा मिनिटांत नाक, डोळ्याखालची सावली, ओठांचा कोपरा, सगळं उभं केलं. चित्राला बक्षीस मिळालं. वडिलांनी काच लावून दर्शनी खोलीत टांगलं. आजही ते तिथंच आहे. पाहुणे आले की म्हणतात, काय हुबेहूब आलंय. माझी नजर मात्र त्या नाकावरच जाते, कारण ते माझं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नाक कसं बसवायचं ते मला त्या संध्याकाळी कळलं नाहीच. कळायला पुढे सहा वर्षं गेली.

म्हणून चित्रकार पारखताना माझी कसोटी एकच. तो शिकणाऱ्याच्या कागदावर हात ठेवतो का, ते बघा. ठेवत असेल तर नमस्कार करून उठा, मग तो कितीही नावाजलेला असो. दुरुस्ती दाखवायला शंभर रस्ते आहेत. ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर रेघ मारून दाखवता येते. समासात छोटं करून काढता येतं. आपल्या वहीत काढून वही पुढे सरकवता येते. नुसतं बोट दाखवून ‘इथं पुन्हा बघा’ म्हणता येतं, आणि बऱ्याचदा एवढंच पुरतं. मात्र रबर आणि पेन्सिल शिकणाऱ्याच्याच हातात राहिली पाहिजे. कागदावरची चूक तुमची असेल तरच दुरुस्तीही तुमची होते. मास्तरनं हात फिरवलेलं चित्र फोटोत झकास दिसतं, आणि म्हणूनच हा रोग पसरलाय. पालक खूष, क्लासची जाहिरात होते, शिकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

हे कळणार कसं? भेटायला जाल तेव्हा त्यांची स्वतःची चित्रं बघाच, पण विद्यार्थ्यांची जास्त बारकाईनं बघा. सगळ्यांची झाडं एकसारखी, सगळ्यांचं आभाळ त्याच निळ्या-जांभळ्या वॉशचं, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थराचं, सगळ्यांच्या घाटावर त्याच ठिकाणी छत्री घेतलेली बाई, असं दिसलं तर तिथं एकच माणूस चित्रं काढतोय असं समजा. बाकीचे फी भरतात. उलट एकाची रेघ जाड, दुसऱ्याची भित्री, तिसऱ्याची रंगसंगती भडक पण आकार पक्का, असं वेडंवाकडं काही दिसलं तर तिथं बसा. मग विचारा, ‘एक दिवस मागे बसून बघू का?’ चांगला माणूस नाही म्हणत नाही. त्या तासाभरात तो बोलतो किती आणि बघतो किती, याकडे लक्ष ठेवा.

आता क्लास, व्हिडिओ की चित्रकार. वयाचा प्रश्न तुम्ही सरळ विचारला नाहीत, पण ओळींच्या मधे तो दिसतोय. त्रेचाळीस म्हणजे काही नाही. माझ्याकडे साठीनंतर आलेले आहेत, आणि ते पोरांपेक्षा बरे शिकतात, कारण त्यांना कुणाला दाखवायचं नसतं. त्यांची अडचण वेगळी असते. पोरगं वीस कागद फाडतं, मोठा माणूस एकाच कागदाला रविवारभर जपत बसतो.

व्हिडिओंबद्दल माझी तक्रार नाही. वॉश कसा ओढायचा, कागद बोर्डवर कसा ताणून चिकटवायचा, ब्रश कसा धुवायचा, हे व्हिडिओत माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. हवं तितक्या वेळा मागे नेऊन बघता येतं. फक्त तो तुमचा कागद बघू शकत नाही. तुमची रेघ जिथं घसरली त्या क्षणी तो पुढे निघून गेलेला असतो. मोठ्या क्लासमध्ये माणसं असतात, सोबत असते, ते कमी मोलाचं नाही. पण वीस जणांत तुमच्या वाट्याला सरांची पाच-सहा मिनिटं येतात, आणि ती बहुतेक चित्र होऊन गेल्यावर. चूक झाल्यावर तिचा निकाल सांगणं सोपं आहे. ती होत असताना शेजारी असणं ही खरी शिकवणी, आणि एकट्यानं शिकण्याचे जास्त पैसे द्यायचे ते त्यासाठी.

काम करणाऱ्या चित्रकाराकडे आणखी एक गोष्ट मिळते, ती कुठल्याच अभ्यासक्रमात नसते. त्याचं अर्धवट चित्र ईझलवर, म्हणजे चित्र उभं ठेवायच्या स्टँडवर, असतं. ते बिघडताना, खरवडताना, भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलेलं तुम्हाला दिसतं. राजा रविवर्मा तेलरंग शिकले ते असेच. १८६८ साली त्रावणकोरच्या दरबारी थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार आला होता. तो शिकवायला राजी नव्हता, पण आपण काम करत असताना बघायला त्यानं मनाई केली नाही. त्या बघण्यावर रविवर्म्यांनी पुढचं सगळं उभं केलं. आमच्या कोल्हापुरातले आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री बंधूही कला महाविद्यालयातून आलेले नव्हते. नाटकांचे पडदे रंगवत रंगवत ते तयार झाले.

खासगी वर्ग म्हणजे हलकं काम असंही समजू नका. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर मुंबईच्या जे.जे. कला शाळेत शिकले आणि १९०८ साली त्यांनी तिथंच स्वतःचा चित्रकलेचा वर्ग काढला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली निरांजन घेतलेली स्त्री तुम्ही कॅलेंडरवर पाहिली असेल. हाताच्या ओंजळीआड ज्योत, बोटांच्या कडा लालसर, चेहऱ्यावर खालून आलेला उजेड. पुष्कळ लोक ते चित्र रविवर्म्यांचं समजतात. ते हळदणकरांचं आहे, आणि तेही जलरंगात. जलरंगात पांढरा उजेड म्हणजे मोकळा सोडलेला कागद. एकदा गडद झालं की पुरतं मागे येता येत नाही. एवढ्या अंधारात ती ज्योत राखायची म्हणजे पहिला वॉश टाकायच्या आधीच शेवटचा ठाऊक हवा. कधी म्हैसूरला गेलात तर त्यासमोर अर्धा तास उभ्या राहा.

चित्रकाराकडे शिकण्यात गैरसोयही आहे, ती लपवत नाही. प्रदर्शन जवळ आलं की तो कामाचा राहत नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शनासाठी भिंत मिळायला फार थांबावं लागतं, आणि मिळाली की आधीचे दोन महिने माणूस पिसाटलेला असतो. त्या काळात मी तीनदा विद्यार्थ्यांना दारातून परत पाठवलंय. दुसरं म्हणजे प्रत्येक चांगल्या चित्रकाराला शिकवता येतंच असं नाही. काहींचा हात इतका आपोआप चालतो की आपण काय केलं ते त्यांनाच सांगता येत नाही. ‘बघ, असं करायचं’ एवढंच म्हणतात. अशांकडे बघायला जा, शिकायला दुसरीकडे.

पहिले तीन महिने रंग नाही. हे ऐकून माझ्याकडची निम्मी माणसं नाराज होतात. इंटरमिजिएटला रंगवलेलं स्थिरचित्र आठवतं त्यांना, तिथूनच पुढे जाऊ असं वाटतं. पण परीक्षेसाठी घोटलेलं आणि डोळ्यांनी बघितलेलं यांत अंतर असतं, आणि ते एका साध्या तांब्यात दिसतं.

पहिल्या दिवशी मी घरातला पितळी तांब्या आणायला सांगतो. घासूनपुसून लखलखीत केलेला नको, रोजच्या वापरातला. तो चौरंगावर ठेवायचा आणि काढायचा. जवळजवळ प्रत्येक जण तीच चूक करतो. तोंडाची गोलाई ऐसपैस काढतो, कारण तांब्यात वरून हात जातो हे त्याला माहीत आहे. आणि बूड काढतो सपाट रेघेनं, कारण तांब्या चौरंगावर सपाट बसलाय हेही त्याला माहीत आहे. हे माहितीचं चित्र झालं, बघितलेलं नव्हे. मी काही बोलत नाही. तोच तांब्या उचलून कपाटावर ठेवतो. आता तोंडाच्या आतलं काही दिसत नाही, आणि बुडाची कड वरच्या बाजूला फुगलेली दिसते. मग हळूहळू खाली आणत डोळ्यांच्या रेषेत धरतो. तोंडाची गोलाई मिटून एक आडवी रेघ राहते. आणखी खाली चौरंगावर ठेवला की तोंड अरुंद लंबगोल होतं, आणि बूड डोळ्यांपासून आणखी खाली असल्यामुळे त्याची गोलाई तोंडापेक्षा जास्त. म्हणजे त्यांनी काढलं होतं त्याच्या बरोबर उलट.

या वेळी माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. इचलकरंजीचे एक काका, यंत्रमागाच्या कारखान्यात जन्म गेलेला, तांब्याकडे बघत म्हणाले होते, ‘आयला, साठ वर्षं पाणी प्यालो की यातनं!’ त्यानंतर त्यांना मला फारसं काही शिकवावं लागलं नाही. ते घरातली पातेली, बादल्या, पिंप, दिसेल ते काढत सुटले.

तांब्या झाला की प्रमाण. पेन्सिल धरून हात पूर्ण ताणायचा, कोपरात वाकवायचा नाही, एक डोळा मिटायचा, आणि तांब्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते अंगठ्यानं मोजायचं. कोपर जरा जरी वाकलं तरी माप बदलतं, म्हणून मी मागून नुसता ‘कोपर’ म्हणत राहतो. मग छायाप्रकाश. त्यासाठी डोळे किलकिले करून बघायचं, म्हणजे बारीकसारीक सगळं विरघळतं आणि उजेड, मधला आणि अंधार असे तीनच थर उरतात. आधी ते तीन जागेवर बसवा, पितळेवरची नक्षी नंतर. पेन्सिल ब्लेडनं तासून शिसं बोटाच्या पेरभर बाहेर काढा, आणि ती लिहिताना धरतो तशी टोकाशी धरू नका. टोकाशी धरलं की मनगट चालतं, लांब धरलं की खांदा चालतो. पतसंस्थेत पंचवीस वर्षं आकडे लिहिलेला हात आहे तुमचा, त्याला ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. चिडू नका.

घरी एक आरसा जवळ ठेवा. चित्र आरशात धरलं की डावं-उजवं उलटतं, आणि तासभर न दिसलेला तिरपेपणा लगेच दिसतो. मोबाइलवर फोटो काढून लहान करून बघण्याचाही तोच उपयोग. मला विद्यार्थी आठवड्याच्या मधे व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. आकाराबद्दल मी त्यावरून बोलतो, रंगाबद्दल कधीच नाही. मोबाइलमधला रंग हा मोबाइलचा असतो.

सामानावर आत्ता खर्च करू नका. एचबी, २बी, ४बी, ६बी पेन्सिली, खोडरबर, एक बोर्ड, दोन क्लिपा आणि साध्या कार्ट्रिज कागदाची थप्पी. रंगांपर्यंत पोचलात की मग मात्र उलटं. तेव्हा कागदावर काटकसर नको. विद्यार्थ्यांसाठी मिळणाऱ्या पातळ कागदावर चांगला चित्रकारही वॉश नीट ओढू शकत नाही, तो फुगतो आणि रंगाची तळी साचतात. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती लगद्याचा मोठा इंपीरियल शीट घ्या आणि त्याचे चार तुकडे करा. रंग पाच-सहाच, पण ट्यूबमधले आणि आर्टिस्ट दर्जाचे. अल्ट्रामरीन निळा, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, मातकट पिवळा यलो ऑकर, एक लिंबू पिवळा, एक किरमिजी. काळी ट्यूब माझ्या खोलीत चालत नाही. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळली की जो करडा मिळतो, तो कधी थंडाकडे झुकवता येतो, कधी उबेकडे, आणि पितळेच्या सावलीला तोच लागतो. गोल ब्रश दोन, सहा आणि बारा नंबर. बारा क्रमांकाच्या चांगल्या ब्रशला बारीक टोक असतं, त्यामुळे लहान ब्रशांचा संच घ्यायची गरज नाही.

सुरू कधी करायचं याचाही विचार करा. इकडच्या पावसाळ्यात जलरंगाचा वॉश वाळता वाळत नाही. नवशिका कंटाळून ओल्यातच दुसरा थर टाकतो आणि चिखल करतो. एप्रिल-मेमध्ये उलटं, ब्रश परत भरून आणेपर्यंत वॉशची कड वाळून रेघ पडलेली असते. गणपती झाले की पेन्सिल सुरू करा, तीन महिन्यांनी, थंडीत, रंगात या. थंडीची हवा शिकणाऱ्याला सगळ्यात सांभाळून घेते.

दर रविवारी कोल्हापूरला येऊ नका. तुमच्या आणि आमच्या गावात पन्नासेक किलोमीटर, म्हणजे जाण्या-येण्यात अर्धा रविवार गेला, आणि राहिलेल्या अर्ध्यात घरची कामं तुमची वाट बघत असणार. पंधरवड्यातून एकदा, दोन तास, हे पुरतं. अट एकच, मधल्या काळात रोज वीस मिनिटं काढलं पाहिजे. दर आठवड्याला येऊन मधे काही न करणाऱ्यापेक्षा हा माणूस पुढे जातो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्यावर वादही घालत नाही. आणि सांगलीतच कुणी कमी नावाचा पण वर सांगितलेल्या कसोटीला उतरणारा भेटला तर माझ्याकडेही येऊ नका.

पैशांचं विचारलंत म्हणून माझं सांगतो. दोन तासांच्या बैठकीचे मी एक हजार घेतो, बैठक झाली की द्यायचे. वर्षाची फी आगाऊ मागणाऱ्याला देऊ नका, निदान पहिले तीन महिने तरी. पैसे अडकले की नको त्या माणसाकडेही आपण जात राहतो. ‘फीचं काय ते बघू नंतर’ म्हणणाराही टाळा. मोकळेपणानं आकडा सांगणारा मास्तर वेळही तितक्याच मोकळेपणानं देतो, असा माझा अनुभव आहे.

सोडायचं कधी, हे कुणी विचारत नाही. मास्तर तोंड उघडायच्या आत तो काय म्हणणार हे तुम्हाला कळायला लागलं, आणि तसं महिना-दोन महिने होत राहिलं, की सोडा. माझी एक विद्यार्थिनी चार वर्षांनी म्हणाली, ‘सर, आता मी घरी काढतानाही मागून ‘कोपर’ असं ऐकू येतं.’ मी म्हटलं, मग आता इथं कशाला येतेस? ती आता स्वतःच गडहिंग्लजला शिकवते.

तुम्ही अजून कुणाला भेटलेल्या नाहीत, तर तोवर एक करा. सकाळी साडेसहाला आयर्विन पुलाच्या खाली, कृष्णेच्या घाटावर जाऊन बसा. वही लहान, पेन्सिल एकच. पुलाच्या कमानी तुमच्यापासून दूर जाताना कशा अरुंद होत जातात तेवढंच काढा, पाणी नको, झाडं नकोत. पोहायला आलेलं कुणीतरी मागे उभं राहून ‘माझं बी काढा की’ म्हणेल. हसा आणि काढत राहा. चित्र बिघडलं तर तो कागद फाडू नका, तारीख घालून ठेवा आणि ज्या चित्रकाराकडे जाल त्याच्यापुढे तोच ठेवा. तो आधी पेन्सिलीकडे हात नेतो की कागदाकडे बघत राहतो, ते बघा.